माहेरची आण

उमरकोंडात राहीबाईचं नाव पहिल्यांदा गाजलं ते एका पाहुणीमुळं. आणि ती पाहुणी कधी आलीच नव्हती.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ही वाडी. पंधरा-वीस उंबरे असतील नसतील. राहीबाई तिथं लग्न होऊन आली त्याला अजून महिनाही झाला नव्हता. सकाळच्या वेळी तिची सासू ठमाबाई पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. नवी सून आतून आली, दारात थबकली, मांजरासारखं नाक वर केलं आणि म्हणाली,

"आत्याबाई, चिंधाण आलीया."

ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. सुनेच्या माहेरची कुणीतरी बाई असणार, घाट उतरून आलेली. तिनं पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्याशी आणून ठेवला, घोंगडी झटकून अंथरली. मग हाताची सावली डोळ्यांवर धरून वाटेकडं बघत विचारलं, "कुठवर आली गो? ओढा चढली काय?"

"कोन?"

"तुजी चिंधाण."

सून बघतच राहिली. "अवं, घरातच हाय की ती!"

ठमाबाई आत धावली. चुलीशेजारी वाळत घातलेल्या गोधडीचं टोक धुमसत होतं.

त्या दिवसापासून वाडीत कुणाच्याही घरी कापड करपलं, की बाया एकमेकींना हाक मारून विचारायच्या, "काय गो, चिंधाण आली वाटतं? चहा ठेव तिला."

राहीबाई घाटावरची. कोयनेच्या खोऱ्यातलं वेळगाव हे तिचं माहेर. तिथं तिचं नाव आवडी होतं. लग्नात ते बदलून राही ठेवलं, आणि आवडी घाटाच्या वरच राहिली. खाली आल्यावर नावाची सवय तिला लवकर झाली. भाताची झाली, माशाची झाली, "गं" सोडून "गो" म्हणायचीही थोडीफार झाली. एका गोष्टीची मात्र होईना. इथं सगळ्याला नुसतं वास म्हणत.

वेळगावात तसं नव्हतं. कापड जळलं तर चिंधाण. चुलीत केस पडला तर केसाण. धुराची ती धुराण, दुधाच्या भांड्याला येते ती दुधाण, डोक्याला लावलेल्या जुन्या तेलाची तेलाण, बाळाच्या लंगोटाची मुताण. शब्दाला आण लावली की नाकाला काय ते कळलं. वेळगावची पोरं बोलायला लागली की हे आपोआपच बोलत, शिकवायला कुणी बसत नसे. आवडी आणि तिचा थोरला भाऊ चांगू तर त्याचा खेळच करायचे. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं त्याच्या नाकाखाली काहीतरी धरायचं आणि पहिल्यानं नाव सांगायचं. नाव नसलं तर तिथल्या तिथं करायचं. मास्तरांच्या टोपीला त्यांनी टोपाण म्हटलं होतं, आणि आईनं दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला होता.

"वास म्हंजे वास," ठमाबाई म्हणायची. "चांगला नायतर वायट. त्याला कशाला हव्यात इतक्या लेकीसुना?"

"मग सुकटीला काय म्हनायचं?"

"सुकटीचा वास."

"आमच्यात हिंवसाण म्हनत्यात."

"म्हनत असाल. खायला मिलते का तुमच्यात? नाय ना? मग नावं ठेवायला बरी जमतात तुमास्नी."

यावर राहीबाईला हसू आलं, आणि ठमाबाईलाही. दोघींचं जमलं ते तिथंच.

हळूहळू राहीबाईचं नाक वाडीला लागायला लागलं. कणगीतल्या भाताला बुरशी धरलीय का, तुपात काही मिसळलंय का, म्हैस माजावर आलीय का, हे विचारायला बाया तिला बोलावून न्यायच्या. ती दारात उभी राहून सांगायची. तिचे शब्द कुणाला कळायचे नाहीत, पण निदान चुकायचं नाही.

तिचा नवरा रावजी मुंबईला असायचा. वाडीतले बाकीचे कुणी गिरणीत, कुणी गोदीत. रावजी मात्र भेंडीबाजारात एका कनोजच्या शेठच्या अत्तराच्या दुकानात कुप्या धुवायला आणि पेट्या भरायला होता. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. कानात फाया खोचलेला, अंगाखांद्यावर वेगवेगळ्या कुप्यांचं सांडलेलं. तो ओढ्यापाशी पोचला की वरच्या घरांतली कुत्री शिंकायला लागत, असं लोक म्हणायचे. त्याच्या बोलण्यात शेठचे शब्द यायचे. खुशबू, बदबू, एकदम बढिया, फर्स्टक्लास माल. राहीबाईला त्याची गंमत वाटायची. एवढ्या वासांच्या दुकानात बसतो हा माणूस, आणि याच्याकडं चारच शब्द.

"आमचा शेठ काय म्हनतो सांगू?" रावजी सांगायचा. "इत्र सूँघने की चीज है, बोलने की नहीं. बोललास का उडाला."

"म्हंजी तुमचा शेठ बी उमरकोंडातलाच म्हना की."

सत्तावन सालच्या पावसाळ्यात तापाची साथ आली. मुंबईहून आली म्हणत. घराघरांत माणसं आडवी झाली. राहीबाईही पडली. ताप उतरला तेव्हा तिला घाटावरची बातमी कळली, की त्याच साथीत वेळगावला तिची आई गेली. ओढे भरलेले, घाट बंद. दिवसही होऊन गेले होते.

आईचं दुःख तिनं सगळ्यांसमोर केलं. दुसरं दुःख तिला काही दिवसांनी कळलं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती चुलीपुढं बसली होती, तव्यावर भाकरी होती, आणि ठमाबाई गोठ्यातनं ओरडत आली, "अगो, डोळं मिटून बसलीस काय? भाकरीचा कोळसा झाला!" राहीबाईनं तव्याकडं बघितलं. भाकरी काळी पडली होती, धूर तिच्या तोंडावर येत होता. करपाण मात्र आली नव्हती.

तिनं लसूण ठेचून हुंगला. गोठ्यात जाऊन उभी राहिली. आईनं दिलेलं लुगडं पेटीतनं काढून त्यात तोंड खुपसलं. कुठंच काही नव्हतं. पाटी पुसावी तसं कुणीतरी सगळं पुसून टाकलं होतं.

मग ती डोळ्यांनी निभवायला शिकली. धुराचा रंग बघून फोडणी ओळखायची, दुधात बोट बुडवून आंबट लागतं का बघायची. बाया नाकासाठी बोलवायला आल्या, की त्यांचीच तोंडं बघून अंदाज बांधायचा. एकदा तो फसला. शेजारच्या बनुबाईच्या घरात कसलासा वास येत होता. राहीबाईनं कणगीखाली उंदीर मेलाय म्हणून सांगितलं. चार माणसांनी कणगी हलवली, खाली काही नाही. शेवटी बनुबाईच्या नवऱ्यानं, गोमाजीनं, महाडच्या बाजारातनं आणलेल्या नव्या कातडी वहाणा निघाल्या.

"राहीचं नाक म्हातारं झालं," बनुबाई म्हणाली.

"व्हय बाई," राहीबाई म्हणाली, आणि हसली.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. साठ सालच्या श्रावणात मुलगी झाली. खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माहेरी आई नव्हती, आणि पावसात घाट चढायचा कसा? तुळसा उमरकोंडातच जन्मली. ठमाबाईनं नातीची टाळू तेलानं भरली, तिला उराशी घेतली आणि तिच्या डोक्यावर नाक टेकून डोळे मिटले. किती वेळ तशीच बसली. मग बनुबाई आली, तिनंही तेच केलं. जी यायची ती पोरीला घ्यायची, आणि न बोलता, न ठरवता नाक टाळूवर न्यायची.

राहीबाई हे बाजेवरून बघत होती. तिनंही हुंगून बघितलं होतं. तेलाचं ओलं बोटाला लागलं, पोरीची टाळू उडताना नाकाला कळली. बाकी काही नाही. आजवर तिला वाटलं होतं, की जे गेलं ते चालून जाईल. फोडणीवाचून, फुलांवाचून माणूस जगतं. पण स्वतःच्या पोटचं पोर समोर आहे, आणि ते कसं येतं हे साऱ्या वाडीला ठाऊक, आणि तिला नाही.

"आत्याबाई," तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरीच्या डोक्याला कसला वास येतो?"

"कसला म्हंजे? बालाचा."

"बाळाचा म्हंजी कसा?"

"अगो, बालासारका! तुला येत नाय काय?"

"येतो की. तुमास्नी कसा येतो म्हनून इचारलं."

बनुबाई म्हणाली, तेलाचा येतो. दुसरी म्हणाली, गोड. कशासारखा गोड? गोडासारखा गोड. राहीबाईनं विचारणं सोडलं.

गणपतीला रावजी आला. पोरीला घेऊन नाचला, तिच्या डोक्याचा वास घेऊन ओरडला, "वा! एकदम रूहे-गुलाब! शेठला दाखवायला पायजे." राहीबाईनं तोंड फिरवलं. त्याला वाटलं, लाजली.

दरवेळी तो तिच्यासाठी एखादी लहानशी कुपी आणायचा. शिमग्याला जाताना यंदा मोगरा आणीन म्हणून कबूल करून गेला होता. कुपी तिनं उघडली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मोगरा झकास हाय."

रावजीनं कानातला फाया काढून उगाच चुरगाळला.

"अगो," तो म्हणाला, "मोगरा संपला होता. ह्यो वाळा हाय."

राहीबाईनं कुपीचं बूच लावलं. ते नीट बसेना. दोन-तीनदा लावून बघितलं.

"कदीपास्नं?"

"तापापास्नं."

"आनि इतकी सालं मी आनत राहिलो, तू लावत राहिलीस?"

"तुमी आनत व्हता," ती म्हणाली, "म्हनून लावत व्हते."

दुसऱ्या आठवड्यात त्यानं तिला महाडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर पुण्याकडचे, वयस्कर, स्वभावानं बरे. त्यांनी नाकात बत्ती घालून बघितलं, मग कसलीशी बाटली तिच्या नाकाखाली धरून विचारलं, "बाई, गंध येतो का?"

"गंध?" राहीबाई गोंधळली. "गंध कारभारी लावत्यात, एकादशीला. मी कुकू लावते."

डॉक्टर आधी हसले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. चूक माझी, म्हणाले. मग साध्या शब्दांत सांगितलं, की तापानं आतली शीर मेलीय. परत येईल असं सांगवत नाही, येणारच नाही असंही सांगवत नाही. औषध देऊन पैसे उकळायचे नाहीत मला.

बाहेर आल्यावर रावजीला ते सहन होईना. बाजारातनं एसटीच्या थांब्याकडं जाताना त्यानं तिच्यासाठी वास सांगायला घेतले. सुकटीच्या गल्लीत थांबून त्यानं छाती भरून श्वास घेतला. "आता बघ हां. सांगतो. ही सुकट. हिचा वास... सुकटीसारका."

"बरं."

"ह्यो गूळ. ह्याचा... म्हंजे बघ... गुळासारका."

"आनि ती तंबाकू?"

"तंबाकूसारका! बरोबर वळखलीस!"

"अवं, मग ते मला डोळ्यानं बी दिसतंय की," राहीबाई म्हणाली, आणि भर बाजारात तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिनं तुळसाचं टोपरं सारखं करण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

"गुळाचं राहू द्या," ती म्हणाली. "सुकटीचं बी राहू द्या. सारं गेलं तर जाऊ दे. हिच्या टाळूचं तेवढं कुनीतरी सांगा. मला कळंल अशा बोलीत."

रावजीनं तिथंच, लोकांच्या येण्याजाण्यात, पोरीच्या डोक्यावर वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला. त्याचे ओठ हलत होते. "नाय येत मला," तो शेवटी म्हणाला. "नाकात येतो, तोंडात येत नाय."

ते काम माहेरचंच होतं. दिवाळीला चांगू यायचा, भाऊबीजेला, दरसाल मधाचा डबा नि वरीचं गाठोडं घेऊन. आला की पोरीला त्याच्या हातात द्यायची, एवढंच. राहीबाईनं दिवाळीपर्यंतचे दिवस कसे काढले ते तिलाच ठाऊक. पण चांगू आला नाही. पोलादपूरच्या बाजारात भेटलेल्या एका घाटावरच्या माणसाकडून निरोप तेवढा आला. कोयनेवर धरण बांधत होते, त्याची भिंत आता उंच झाली होती. पुढच्या पावसात पाणी चढणार. खोऱ्यातली गावं उठायला लागली होती. वेळगावालाही जागा दिली होती, कुठं तर पार पनवेलच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला. संक्रांतीनंतर घरं मोडायला सुरुवात.

राहीबाईनं तो निरोप ऐकला आणि घरी येऊन सासूला सांगितलं, "मला वर जायचं हाय."

"आता? हिवाला संपू दे."

"शिमग्याला. हे आलं की."

"एवड्याशा पोरीला घिऊन? कशापायी गो? घर मोडलेलं बगाया?"

तेव्हा राहीबाईनं सासूला सगळं सांगितलं. तापाचं, भाकरीचं, बनुबाईच्या कणगीचं. ठमाबाई ऐकत राहिली. तिनं मधेच एकदा, "म्हंजे गोमाजीच्या वहाना..." एवढंच म्हटलं.

शिमग्याला ते निघाले, तेव्हा ठमाबाईनं रावजीच्या हातात केळीच्या सोपटात बांधलेलं एक पुडकं दिलं. "सुकट हाय. हिच्या भावाला दे. म्हनावं, घे तुजी हिंवसाण. आनि पोरीच्या डोक्याला ऊन लागू देव नको."

एसटीनं आंबेनळीचा घाट चढून वर वाडा नावाच्या गावाला उतरायचं, आणि मग कोयनेच्या काठाकाठानं चालत जायचं. वाटेत एका ओळखीच्या घरी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वेळगाव आलं. आलं म्हणजे जागा आली. राहीबाई उतरणीवर उभी राहिली आणि तिला आपलं घर सापडेना. छपरं नव्हती. भिंती होत्या, पण दारांच्या जागी नुसती भोकं. वासे, तुळया, दारं, फळ्या यांचे ढीग वाटेच्या कडेला रचलेले. बैलगाड्या येणार, मग पुढं ट्रक. माणसं बहुतेक गेली होती. मांजरं होती.

चांगू आपल्या घराच्या तुळयांवर बसून तंबाखू मळत होता. बायको-पोरांना त्यानं पहिल्या खेपेला पाठवलं होतं. लाकडं राखायला तो मागं राहिला होता. वाटेवरची माणसं त्यानं बघितली, डोळे बारीक केले, आणि जागचा न उठता ओरडला, "आवडे! तू व्हय गं?"

किती वर्षांनी ते नाव. उमरकोंडात आला की चांगूही तिला सासरच्या नावानंच हाक मारायचा. राहीबाईला पुढं पाऊलच टाकवेना. रावजी तिच्याकडं बघायला लागला. त्या नावाची हाक त्यानं कधी ऐकलीच नव्हती.

भाऊ-बहीण भेटले, रडले. मग चांगूनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "बसा. बसायला तुळई हाय. ह्याच्यापरास पाटलाच्या घरी बी मोठं बसनं न्हाई." त्यानं सुकटीचं पुडकं उघडलं आणि मागं सरला. "आगागा! दाजी, ही हिंवसाण घिऊन तुमी घाट चढला?"

"चढलो. एसटीत चारी बाजूला जागाच जागा," रावजी म्हणाला.

मग राहीबाईनं भावाला आपलं सांगितलं. घरी सासूला सांगताना जेवढं लागलं, तेवढंही बोलावं लागलं नाही. "नाक गेलं रं माझं, चांगूदादा. आईसंगंच गेलं. हिच्या टाळूला काय येतं ते सांग. त्यापायीच आलेय."

चांगूनं तंबाखू थुंकली, चूळ भरली, दोनदा भरली. हात धुतले. पोरीला घेतलं तर ती त्याच्या मिशा बघून रडायला लागली. तिला खांद्यावर थोपटत तो मोडलेल्या घराच्या जोत्यावरनं येरझाऱ्या घालत राहिला, ती निजेपर्यंत. मग आला, बसला, आणि तिच्या डोक्यावर वाकला.

"दुधाण हाय," तो म्हणाला. "थोडी. तेलाण हाय. करडईची न्हाई, खोबरेलाची. कोकनी झाली तुझी लेक."

"व्हय. फुडं?"

"वाईच घामाण. वाटेची."

"ते समदं मला बी ठावं हाय रं. मीच तेल लावते, मीच पाजते. त्याच्या खाली काय हाय?"

चांगूनं पुन्हा वास घेतला. पोरीला घेऊन तो उठला आणि आत गेला. आत म्हणजे चार भिंतींत, उन्हात. जिथं चूल होती, तिथं काळ्या पडलेल्या भिंतीपाशी उभा राहिला. पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकून. राहीबाई बाहेरनं त्याची पाठ बघत होती. रावजी उठायला लागला, तसा तिनं त्याला हातानं बसवलं.

चांगू परत आला तेव्हा त्याचं तोंड निराळंच झालं होतं.

"आवडाण," तो म्हणाला.

"काय?"

"आवडाण म्हनतोय. आई शेतावर जायाची तवा तुला माझ्या कडंवर देऊन जायाची. दिसभर माझी हनवटी तुझ्या टाळूवर. हिथंच बसायचो, ह्या चुलीम्होरं. तू अशीच यायचीस गं. हीच. दुसरं काई न्हाई."

राहीबाई बघत राहिली. "आसा शबुद न्हाई आपल्यात."

"नव्हता. आता हाय." चांगूनं पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. "कोन इचारायला बसलंय? समदं गावच निघालंय; त्यात एक शबुद जास्तीचा घिऊन जाऊ."

राहीबाईनं पोरीच्या डोक्यावर नाक टेकवलं. आतून काही आलं नाही, ते येणारही नव्हतं. पण आता ते काय आहे हे तिला ठाऊक होतं. ती स्वतःच होती ते, या चुलीपुढं, भावाच्या कडेवर, आईच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली. तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. रावजी हळूच म्हणाला, "मला दे जरा," आणि पोरीला घेऊन त्यानंही वास घेतला. "आवडाण," तो म्हणाला. शेठच्या दुकानात तसली कुपी नव्हती.

सकाळी निघताना चांगूनं तिची ओटी भरली, मूठभर वरीच्या तांदळानं. खण द्यायला नव्हता. चढणीच्या पायथ्यापर्यंत तो सोबत आला आणि मग लाकडं एकटी आहेत म्हणून मागं फिरला.

त्या पावसात कोयनेचं पाणी चढलं. वेळगाव खाली गेलं. चांगू पनवेलच्या पलीकडं राहायला गेला, आणि एका दिवाळीला भाऊबीज घेऊन आला, मधाऐवजी मिठाची पिशवी घेऊन. कसं हाय तिकडं, म्हणून राहीबाईनं विचारलं. तो म्हणाला, "जमीन दिलीया. बरी हाय. सांजच्याला खाडीकडनं कायतरी येतं गं नाकात. अजून त्याला नाव न्हाई ठेवलं." आणि मग बराच वेळ ओसरीच्या खांबाला टेकून बसला.

राहीबाईला नाक परत आलं नाही. तुळसा चालायला लागली, पळायला लागली. खेळून, धुळीनं भरून घरात आली की राहीबाई तिला पकडायची, केस बाजूला करून नाक टेकवायची आणि डोळे मिटून म्हणायची, "आवडाण आली." तुळसा सुटायला बघायची. ठमाबाई आता पडवीतच बसून असायची, दिसायचं कमी, ऐकायचीही निम्मंच.

"कोन आली गो?" ती विचारायची.

"आवडाण, आत्याबाई."

ठमाबाईला काय कळायचं, किती कळायचं, कुणास ठाऊक. म्हातारी हातानं चाचपत उठायची, माठातनं पाण्याचा तांब्या भरायची, सांडत सांडत उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायची.

"घाट उतरून आली असंल," म्हणायची. "पानी घे म्हनावं आदी."